रन-फ्लॅट टायर की साधा टायर आणि स्टेपनी?

नवी गाडी पसंत करताना इंजिन आणि मायलेज यांची चर्चा पुष्कळ होते; डिकीतला गालिचा उचलून खाली स्टेपनी आहे की नाही, हे मात्र अनेक जण गाडी ताब्यात आल्यावरच पाहतात. तिथे सीलंटची, म्हणजे पंक्चरचे छिद्र बुजवणाऱ्या द्रवाची, बाटली आणि छोटा पंप असेल, तर टायर बहुधा साधे असतात. काहीच नसेल, तर ते रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, असण्याची शक्यता मोठी. खात्री टायरच्या कडेवरच्या खुणांवरून होते: कंपनीनुसार तिथे आरएफटी, आरओएफ, एसएसआर किंवा झेडपी अशी अक्षरे असतात.

साध्या टायरमध्ये गाडीचे वजन मुख्यतः आतली हवा पेलते, म्हणून हवा गेली की कडा दुमडतात आणि रिम टायरला चिरडू लागते. रन-फ्लॅटच्या कडांमध्ये जाड रबराचा आधार असल्यामुळे हवा गेल्यावरही तो साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत सुमारे ८० किलोमीटर चालतो. गाडी भरलेली असेल तर हे अंतर कमी होते, कारण वारंवार वाकणारी कड तापत जाते. पंक्चर झाल्याचे चालकाला हाताला जाणवतेच असे नाही, म्हणून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा या टायरसोबत अनिवार्यच समजावी.

रात्री, भरधाव वाहतुकीच्या कडेला जॅक लावण्याची वेळ टळणे हा रन-फ्लॅटचा खरा लाभ आहे, आणि ज्यांना चाक बदलणे शारीरिकदृष्ट्या शक्य नाही त्यांच्यासाठी तेवढा एकच लाभ पुरेसा आहे. त्याची किंमत रोजच्या प्रवासात मोजावी लागते: टायर जड व महाग असतो, कडा ताठ असल्याने खड्ड्याचा दणका आत अधिक पोहोचतो आणि बदली टायर मिळण्यास वेळ लागू शकतो. साध्या टायरच्या नक्षीत खिळा घुसला, तर पंक्चर काढून काम भागते. रन-फ्लॅट मात्र हवेविना चालला असेल, तर आतले नुकसान बाहेरून दिसत नाही आणि अनेक कंपन्या तो दुरुस्त न करता बदलण्यास सांगतात. कड फाटली असेल, तर सीलंट निरुपयोगी ठरतो. अशा वेळी स्टेपनीसारखा सोबती नाही, मग ती ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असलेली अरुंद का असेना. ज्या मार्गांवर पुढचे गॅरेज शंभर किलोमीटरच्या पलीकडे असते, तिथे माझे मत निःसंशय स्टेपनीच्या बाजूने आहे.

टायरच्या कडेवरील मानांकनांत सर्वांत महत्त्वाचा आकडा सहसा सर्वांत कमी पाहिला जातो. २२५/५० आर १७ ९४ डब्ल्यू या ओळीत २२५ मिलिमीटर ही रुंदी, ५० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १७ इंच हा रिमचा व्यास. त्यापुढील ९४ म्हणजे योग्य दाबाला प्रत्येक टायर ६७० किलो पेलतो आणि डब्ल्यू म्हणजे कमाल ताशी २७० किलोमीटर. बदली टायर घेताना या दोन मूल्यांत गाडीच्या पुस्तिकेतील किमान आकड्यापेक्षा खाली उतरू नये. ट्रेडवेअरचा, म्हणजे नक्षीच्या झिजेचा, आकडा मात्र सावधपणे वाचावा: ४०० म्हणजे चाचणीत १०० च्या संदर्भ टायरपेक्षा चौपट टिकाऊ, पण तो आकडा उत्पादक स्वतःच देतो, त्यामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरची तुलना त्यावर करता येत नाही. ट्रॅक्शनची एए ते सी ही श्रेणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरची पकड सांगते, वळणावरची नव्हे.

रन-फ्लॅट उतरवून साधे टायर घालायचे असतील, तर चारही एकदम बदलावेत, कारण दोन्ही प्रकार एकत्र वापरल्यास गाडीचा तोल बिघडतो. आणि त्याआधी डिकीत स्टेपनी बसण्याइतका खळगा आहे का, हे मोजून पाहावे.