चौदा महिने, एक बिजागरी आणि 590 रुपये

मधल्या काळात मी या लॅपटॉपला एकच तारा देणार होतो. अनुभव लिहूनही ठेवला होता, शिव्यांसकट. तो खोडून हा लिहितोय, कारण अर्धी चूक माझीच निघाली. उरलेल्या अर्ध्या चुकीचे 590 रुपये मात्र मी विसरलेलो नाही.

2023 च्या दिवाळीत घेतला. 15.6 इंची, आय-थ्री, आठ जीबी, बाकी आकडे जाहिरातीत वाचा. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, झेरॉक्स. वर टिनं, समोर फुफाटा. लाईन रोजच जाते, त्यामुळे चार-साडेचार तास बॅटरी पुरते हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं सुख. पहिले सात महिने तक्रार करावी असं काही नव्हतं. झाकण तेवढं फार टाईट. एका हाताने उघडायला गेलं तर खालचा डबाही सोबत उठून यायचा. मला ते मजबुतीचं लक्षण वाटलं. हे झाकण लक्षात ठेवा.

जून 2024, पेरण्या सुरू होत्या. स्क्रीनवर आडव्या रेघा आल्या, मग सगळं गुलाबी झालं, मग काळं. दोन सेकंदांत परत जसंच्या तसं. जुलैत लाडकी बहीणच्या दाखल्यांची आणि एक रुपयाच्या पीक विम्याची गर्दी एकदमच उसळली, तेव्हा तर दिवसाला पंधरा-वीस वेळा. बाकावर बसलेल्या एका बाबाजींनी विचारलं, "बाबू, तुया मशीनले हिव भरलं का रे?"

पहिला संशय कूलरवर गेला. कूलरची मोटर सुरू झाली की आमच्याकडे बल्ब डीम होतो, म्हटलं त्याचाच झटका असेल. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून पाहिलं, रेघा तशाच. कूलर सुटला.

मग ज्याला विचारावं तो म्हणे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून स्क्रीन चालवून घेणारं सॉफ्टवेअर. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. पॅनल सेल्फ रिफ्रेश नावाची एक सेटिंग असते, तिच्यामुळेही काही मशीनवर स्क्रीन लुकलुकते, ती बंद केली. शेवटी विंडोजच नव्याने टाकली. त्यात अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, म्हणजे आरडी सर्व्हिस, पुन्हा बसवता बसवता अर्धा दिवस गेला आणि दारातून सहा गिऱ्हाईकं परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघा हजर.

जे सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं ते मी सगळ्यात शेवटी केलं. मशीन सुरू करतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, गेलो आणि दहा मिनिटं नुसता पाहत बसलो. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, काहीच नाही. तिथेही रेघा आल्या. म्हणजे बिघाड सॉफ्टवेअरचा नाहीच. या तपासणीला एक रुपया लागत नाही, म्हणून ठळक सांगतो: विंडोज उडवायच्या आधी बायोस पाहा.

त्याच रात्री घरच्या टीव्हीला एचडीएमआय वायर लावली. लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेघा नाचत होत्या, टीव्हीवर चित्र स्वच्छ. म्हणजे ग्राफिक्सची चिपही ठीक. मदरबोर्डाची भीती गेली आणि मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. आता आरोपी दोनच उरले: स्क्रीनचा पॅनल, नाहीतर मदरबोर्डापासून पॅनलपर्यंत जाणारी केबल.

ही केबल जाते बिजागरीतून. झाकण उघडलं की तिला पीळ बसतो, मिटलं की पुन्हा पीळ. चित्र आणि उजेड, दोन्ही त्याच केबलने वर जातात. मी झाकण हळूहळू मागे-पुढे करून पाहिलं. एका ठराविक कोनात रेघा, थोडं पुढे ओढलं की गायब. स्क्रीनच्या कडेला बोटाने दाबून पाहिलं तर काही फरक नाही. उभी रेघ एका जागी कायमची बसली असेल तर सहसा पॅनल गेलेला असतो. झाकणाच्या कोनाप्रमाणे येते-जाते ती केबल. इतकं कळायला मला चार महिने लागले.

ऑक्टोबरात, वॉरंटी संपायला वीस दिवस असताना, नेर मार्गे एसटीने अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर ठेवला आणि काय विचारता, पाऊण तास एकही रेघ नाही. लेकरू डॉक्टरसमोर खोकत नाही, तसं. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पाहिला, मशीन आत नेलं आणि तासाभराने निकाल आणला: डाव्या बिजागरीजवळचं प्लास्टिक तडकलं आहे, म्हणजे फिजिकल डॅमेज, म्हणजे वॉरंटी नाही. पूर्ण स्क्रीन बदलायचे 11,400. नको असेल तर तपासणीचे 500 आणि त्यावर जीएसटी, असे 590.

मी विचारलं, मी पाडला का? नाही. डेंट आहे का कुठे? नाही. मग तुमच्याच टाईट बिजागरीने तुमचंच प्लास्टिक ओढून तोडलं, त्यात माझा काय गुन्हा? उत्तर नाही. पैसे भरल्याशिवाय मशीनही नाही. 590 भरले. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. 590 ची पावती माझ्या दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे, दिवसातून दहा वेळा दिसते.

परत येताना दारव्ह्याला मोबाईल आणि लॅपटॉप दोन्ही दुरुस्त करणाऱ्या एका पोराकडे थांबलो. त्याने आधी बॅटरीची पिन काढली, मग स्क्रीनची चौकट नखाने सोडवली आणि बिजागरीपाशी टॉर्च धरला. "भाऊ, स्क्रीन एकदम ओके हाय. इची स्ट्रिप दबली." केबल बिजागरीच्या कडेला घासून चपटी झाली होती. त्याने ती काढून पुन्हा नीट बसवली, वरून टेप मारली, तडकलेल्या जागी इपॉक्सी भरलं. 200 रुपये. लॅपटॉप चकाचक. मी घरी आलो आणि पाच तारे देऊन लिहायला बसलो.

इथपर्यंत नोव्हेंबरात लिहिलं होतं. आता जानेवारी 2025 सुरू आहे. पुढचं वाचल्याशिवाय काही ठरवू नका.

अकराव्या दिवशी रेघा परत. त्या पोराने आधीच सांगितलं होतं की तार आतून तुटली असेल तर टेप काही दिवसांचीच. नागपूरहून, सीताबर्डीच्या बाजारातून, नवी 30 पिनची केबल मागवली. मॉडेल नंबरसोबत जुन्या केबलवरचा पार्ट नंबरही पाठवला, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या केबली येतात आणि चुकीची आली तर कोणी परत घेत नाही. केबलीचे 850, बसवायचे 350. त्या दिवसापासून एकही रेघ नाही. पण स्क्रीन अधूनमधून काळी होणं थांबलं नाही!

आता मात्र डोकं भणाणलं. म्हटलं 1,200 पाण्यात. त्यातही गंमत अशी की काही गिऱ्हाईकं असली तरच स्क्रीन जायची. एक जण तर असा की तो आला आणि त्याचा ओटीपी आला की काळोख. मी मनातल्या मनात त्याच्या पायगुणाला दोष देत होतो, आणि बोलायला लाज वाटते, पण दोनदा त्याला "सर्व्हर डाऊन आहे" सांगून परतही पाठवलं.

पकडलं ते पुतण्याने, आठवीत आहे. "काका, ते बंद नाई पडलं, झोपून रायलं. पाह्य ना, लाईट लुकलुकते." खरंच. केबलच्या वेळी स्क्रीन जायची पण पॉवरचा दिवा स्थिर असायचा, कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागायचा आणि चित्र जसंच्या तसं परत यायचं. आता दिवा लुकलुकत होता आणि परत येताना मशीन पिन मागत होती. हा दुसराच आजार होता. मी मात्र दोघांना एकच समजून केबलीच्या डोक्यावर खापर फोडत बसलो होतो.

झाकणात एक छोटं चुंबक असतं आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. चुंबक जवळ आलं की मशीनला वाटतं झाकण मिटलं, आणि ती झोपते. त्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलला चुंबकाचं फ्लिप कव्हर आहे. ओटीपी वाचायला मी तो मोबाईल घेऊन टचपॅडच्या डाव्या बाजूला ठेवायचो, बरोब्बर सेन्सरवर. मोबाईल उजवीकडच्या टेबलावर ठेवायला लागलो आणि काळोख संपला. खर्च शून्य. त्या माणसाला मागच्या आठवड्यात दोन झेरॉक्स फुकट दिल्या, का दिल्या ते सांगितलं नाही.

केबलचा हिशेबही मग करून पाहिला. फुफाटा बसू नये आणि बॅटरी वाचावी म्हणून गिऱ्हाईक उठलं की मी झाकण मिटायचो. दिवसाला 40 वेळा धरलं तर 300 दिवसांत 12,000 वेळा. तेही एका कोपऱ्याला धरून, कारण दुसऱ्या हातात कोणाचं तरी आधार कार्ड. सगळा पीळ डाव्या बिजागरीवर. तरीसुद्धा, इतकी टाईट बिजागरी चार बारीक स्क्रूंवर प्लास्टिकात अडकवणं ही कंपनीचीच कंजुषी आहे, माझ्या कंजुषीपेक्षा मोठी. म्हणून दोन तारे कापले. तीन दिले ते बॅटरीचे.

घ्यायचाच असेल तर दुकानात झाकण एका बोटाने उघडून पाहा. खालचा भाग टेबलावर बसून राहिला पाहिजे.

आता लॅपटॉप सकाळी एकदा उघडतो आणि रात्री एकदा मिटतो, दोन्ही हातांनी, मधोमध धरून. दिवसा मध्ये काम नसलं की वरून माझा उन्हाचा दुपट्टा टाकून ठेवतो. काल तेच बाबाजी आले, दुपट्ट्याकडे पाहून आवाज खाली घेऊन म्हणाले, "लय सिरीयस हाय का बाबू?"