साताऱ्यासाठी व्होल्वो: एक्ससी60 की ईएक्स40?

2030 पासून फक्त इलेक्ट्रिक गाड्या, असं व्होल्वोने 2021 मध्ये जाहीर केलं. सप्टेंबर 2024 मध्ये सूर बदलला: थोड्या हायब्रिडही, म्हणजे इंजिनाला विजेची जोड असलेल्या गाड्याही, राहतील. कंपनीचेच पाय दोन डगरींवर, तर गिऱ्हाइकाने काय ठरवावं?

एक्ससी60 माइल्ड हायब्रिड आहे. 2 लिटरचं पेट्रोल इंजिन, सोबत 48 व्होल्टची यंत्रणा. ती इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. पंप काही सुटत नाही.

ईएक्स40 म्हणजे आधीची एक्ससी40 रिचार्ज, पूर्ण इलेक्ट्रिक. 2022 मध्ये ती भारतात आली तेव्हा बॅटरी 78 किलोवॅट-तासांची होती, कागदावर पल्ला 418 किमी. पुण्याला जाऊन येणं आरामात जमतं. खरी गंमत घाटात. कासला चढताना चार्ज भराभर उतरतो, पण परतताना यवतेश्वर घाटाचा उतार लागला की मोटारच वीज बनवून बॅटरीत परत टाकते. मात्र पाचगणीच्या हॉटेलात शंभर टक्के चार्ज करून पसरणी घाट उतरलात, तर ती वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते, ऐंशीवर थांबावं. माइल्ड हायब्रिडची चिमुकली बॅटरी तर काही वळणांतच भरते.

घराच्या अंगणात चार्जर बसत असेल तर मी ईएक्स40 घेईन. सोसायटीत प्लगवरून भांडणं असतील तर एक्ससी60.