फेरिक क्लोराईड की घरचं सोल्युशन? पीसीबी एचिंगचा माझा रिव्ह्यू

पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड, आणि एचिंग म्हणजे त्यावरचं नको असलेलं तांबं केमिकलने काढून टाकणं. त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते ती फेरिक क्लोराईड पावडर मी बरीच वर्षं वापरतोय, काम चोख करते यात वादच नाही, पण तो तपकिरी डाग शर्टावर पडला की शर्ट गेलाच समजा, आणि पावडर विरघळताना पाणी सॉलिड तापतं, म्हणून पाण्यात थोडी थोडी पावडर टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही.

सध्या मात्र मी घरच्या सोल्युशनवर जाम खूश आहे. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साईड १०० मिली, किराणा दुकानातलं लिंबू सत्व ३० ग्रॅम, चमचाभर मीठ, बस्स. पेरॉक्साईड तांब्याचं ऑक्सिडेशन करतं, लिंबू सत्व ते विरघळवून धरून ठेवतं आणि मिठामुळे सगळं पटपट होतं. खरी मजा म्हणजे हे पारदर्शक असतं, तांबं आधी गुलाबीसर मॅट होतं मग कडेकडेने खालचा फायबर दिसायला लागतो, बोर्ड कधी काढायचा ते नुसतं बघून कळतं! फेरिकमध्ये दरवेळी चिमट्याने उचलून बघा. बारीक ट्रॅक (बोर्डावर ठेवायच्या तांब्याच्या रेषा) असतील तर हा फरक लईच मोठा.

फक्त ते साठवून टिकत नाही, ताजंच बनवा, बाटलीत घट्ट बंद करू नका, गॅस होतो. ट्रे प्लास्टिकचा, हातमोजे, गॉगल, खिडकी उघडी. आणि वापरलेलं निळं-हिरवं पाणी मोरीत अजिबात नाही हां, त्यातलं तांबं माशांना विष आहे, वेगळं साठवून केमिकल कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.