परभणीतील एका बालवाडीचा सकाळचा गाण्यांचा तास

परभणीतील ज्या खासगी बालवाडीत आमची नात जाते, तेथे दिवसाची सुरुवात पाटी-पुस्तकाने न होता हालचालींच्या गाण्यांनी होते, आणि मला हाच तिथला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. बाई गाण्यात प्रत्येक मुलाचे नाव गुंफतात. आपले नाव येताच मुलाने उडी मारायची, टाळी द्यायची किंवा कोंबड्यासारखे आरवायचे असते, त्यामुळे आईचा पदर न सोडणारे मूलही आपल्या पाळीची वाट पाहू लागते. चाली जात्यावरच्या ओव्यांच्या वळणाच्या आहेत आणि शब्द हुरडा, ज्वारीचे कणीस, गोदावरी अशा ओळखीच्या जगातले असल्याने 3-4 वर्षांची मुले ते चटकन उचलतात. (ओवीची संथ लय उड्यांना कशी पुरणार, ही माझी शंका बाईंनी ठेका दुप्पट करून मिटवली.) खटकते ते एवढेच की, उन्हामुळे मार्च-एप्रिलमध्ये बालवाडी लवकर भरू लागली की स्पीकरवर गाणी लावून तास उरकला जातो आणि नावांचा खेळ गळतो. शुल्क थोडे अधिक असले तरी वर्गात मोजकीच मुले हवी असलेल्या पालकांनी येथे प्रवेश जरूर घ्यावा. मात्र उन्हाळी वेळापत्रकाबद्दल आधी विचारून घ्यावे.