क्रूझवरून उतरल्यावर: जहाजाची टूर घ्यावी, की आपली आपण गाडी पकडावी?

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातली ओळखीची पाच कुटुंबं सप्टेंबरात भूमध्य समुद्राच्या क्रूझला निघाली आहेत. नेपल्स, चिविताव्हेक्किया, लिव्होर्नो, पिरिअस, सँतोरिनी अशी बंदरं आहेत. गेले पंधरा दिवस संध्याकाळी कोणी ना कोणी येतं आणि विचारतं, "काका, प्रत्येक बंदरात जहाजवाल्यांचीच टूर घ्यायची, की आपलं आपण फिरायचं?" मी आणि बायको, आम्ही दोघांनी या बंदरांत दोन्ही करून पाहिलं आहे. शिवाय मी बडोदा–अंकलेश्वर 28 वर्षं अपडाऊन केलं, त्यामुळे गाडीच्या भरवशावर किती राहायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे.

पैशाचं आधी उरकून घेऊ. रोमची जहाजाची टूर माणशी 100 डॉलरच्या पुढे सहज जाते. आम्ही स्वतः गेलो तेव्हा चिविताव्हेक्कियाहून दिवसभराचं रेल्वेचं तिकीट 12 युरोला पडलं, आणि त्यातच रोमची मेट्रो आणि बससुद्धा आली. चौघांच्या कुटुंबात एका दिवसाला तीसेक हजार रुपये वाचतात. रक्कम मोठी आहे, पण निर्णय तिच्यावर करू नका. जहाजाच्या टूरमध्ये तुम्ही जे विकत घेता ते गाईड किंवा एसी बस नव्हे. त्यांची बस वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, या हमीचे ते पैसे असतात. तुम्ही आपापले गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं आणि पुढचं बंदर स्वखर्चानं गाठावं लागतं. म्हणून खोलीत रोज येणाऱ्या कागदावरचा पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीच्या त्या बंदरातल्या माणसाचा, फोन नंबर कागदावरच लिहून खिशात ठेवा. मोबाईलची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते.

अपडाऊन करणारा माणूस एकच हिशोब करतो: ही गाडी चुकली तर मागे दुसरी आहे का, आणि ती किती वेळानं? बंदरांनाही मी हीच कसोटी लावतो. मागे दुसरी गाडी असेल आणि ती पकडूनही वेळेत पोहोचता येत असेल, तर बिनधास्त आपले आपण जा. नसेल तर टूर घ्या.

या कसोटीला नेपल्स सगळ्यात चांगलं उतरतं. तिथे जहाज शहराच्या पोटातच लागतं. धक्क्यावरून बाहेर आलं की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला आणि पलीकडे मुनिचिपिओ हे मेट्रोचं स्टेशन. मेट्रोनं गॅरिबाल्डी स्टेशनला जायचं, तिथे खालच्या मजल्यावर चिर्कुमव्हेसुविआना नावाची लोकल मिळते. सोरेंतोकडे जाणारी घ्यायची. पस्तीस-चाळीस मिनिटांत पॉम्पेई, आणि साधारण अर्ध्या तासानं मागची गाडी असतेच. एक काळजी घ्या. पॉम्पेई नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत. तुम्हाला हवं ते 'पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी'. बडोद्यात नवा माणूस बडोदा, विश्वामित्री आणि प्रतापनगर यांत गोंधळतो तसंच हे. बरोबर स्टेशनवर उतरलात की अवशेषांचं दार चार पावलांवर आहे.

गाडी जुनी आहे, गर्दी आपल्या जनरल डब्यासारखी, आणि खिसेकापूही आहेत. दारापाशी उभ्या असलेल्या एका इटालियन आजींनी माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि ती पोटाशी घ्यायला लावली. भाषा कळली नाही, पण सांगणं कळलं. पुढच्या दोन स्टेशनांपर्यंत त्या माझ्या पिशवीवर नजर ठेवून होत्या.

पॉम्पेईत टूर आणि आपला दिवस यांतला फरक नीट कळतो. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं हे गाव. रस्त्यात पलीकडे जायला उंच दगड मांडलेले आहेत आणि त्यांच्या मधून गाड्यांच्या चाकांनी दगडी फरशीत खोल रेघा पाडल्या आहेत. 'चाकोरी' हा शब्द आपण जन्मभर बोलतो. मी तिथे खाली बसून तिच्यात हात घातला, बोटं आत गेली. कडा झिजून गुळगुळीत झाली होती. ही त्या फरशीवर बसली आणि आम्ही अर्धा तास हललो नाही. शेजारून झेंडा धरलेल्या गाईडमागून तीन टूर भराभर गेल्या. मात्र एक आहे: तिथे एका दिवसात 20,000 माणसांचीच मर्यादा असून तिकिटावर नाव असतं. तिकीट आधी काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

रोमसाठी निर्णय जरा अवघड आहे. चिविताव्हेक्किया हे रोमचं बंदर म्हणवतं, पण शहर तिथून 70 किलोमीटरच्या वर आहे. जहाजापासून शटल बस लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत सोडते, तिथून स्टेशनला बसनं किंवा समुद्राच्या कडेनं चालत जाता येतं. साधी गाडी सव्वा तासात रोमा तेर्मिनी या मुख्य स्टेशनला नेते. पण ज्यांना व्हॅटिकन बघायचं आहे त्यांनी आधीच रोमा सान पिएत्रोला उतरावं, तिथून सेंट पीटर्सचं पटांगण दहा-पंधरा मिनिटांवर आहे. टूरवाले एका दिवसात व्हॅटिकन आणि कलोसियम दोन्ही 'दाखवतात'. आमच्या टूरमध्ये एका चामड्याच्या दुकानात 40 मिनिटं गेली, आणि कलोसियम बसच्या खिडकीतून पाहिलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या खेपेला आम्ही रेल्वेनं गेलो, एकच बाजू धरली आणि मनासारखी पाहिली.

तरी रोमला स्वतः जाताना दोन गोष्टींची माहिती हवी. पहिली, कागदी तिकीट काढलं की फलाटावरच्या यंत्रात सरकवून त्यावर छाप मारून घ्यावी लागते, नाहीतर दंड होतो. आपल्याकडे तिकीट काढलं की काम झालं, म्हणून आपली माणसं नेमकी इथे चुकतात. दुसरी जास्त महत्त्वाची: इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर करून होतात. संपाच्या दिवशी, सुट्टीचा वार नसेल तर, सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठराविक लोकल गाड्या चालवल्याच जातात. क्रूझच्या माणसाला परत यायचं असतं दुपारी तीन-चारला, म्हणजे नेमकं त्या हमीच्या बाहेर. 'शोपेरो' (sciopero) म्हणजे संप, हा शब्द लक्षात ठेवा. बंदरात पोहोचायच्या आदल्या दिवशी तो शोधा, आणि संप असेल तर रोमला जाऊच नका.

लिव्होर्नो हे फ्लॉरेन्स आणि पिसाला जायचं बंदर, त्याचं एका हिशोबात संपतं. जहाज 7 ला लागलं, माणूस 8 ला उतरला, शटलनं गावात, मग शहर-बसनं स्टेशन, 9 वाजले. फ्लॉरेन्सची गाडी दीड तासाची, म्हणजे साडेदहा. सगळ्यांनी जहाजावर यायची वेळ 6 असेल तर साडेचारला बंदरात हवं, म्हणजे फ्लॉरेन्स दोनच्या सुमारास सोडायचं. हातात जेमतेम साडेतीन तास. फ्लॉरेन्स पहिल्यांदाच बघत असाल आणि तेच बघायचं असेल तर टूर घ्या, मी अजिबात अडवणार नाही. पिसाला मात्र टूरचे पैसे देऊ नका. गाडीनं वीसेक मिनिटं, मग स्टेशनपासून झुकत्या मनोऱ्यापर्यंत दोन किलोमीटर गावातून चालत.

पिरिअसहून अथेन्स सोपं आहे. हिरवी मेट्रो आधीपासून होती, 2022 पासून निळीही बंदरापर्यंत येते. दोन्ही अथेन्सच्या मध्यावरच्या मोनास्तिराकी स्टेशनला जातात आणि मागची गाडी काही मिनिटांतच असते. ही हिरवी मार्गिका मूळची 1869 ची. गायकवाडांची डभोई–मियागाम 1862 ची आहे आणि सुरुवातीला बैल ओढत, हे मी तिथल्या फलाटावर उभा राहून हिला अभिमानानं सांगितलं. एक सावधगिरी: काही धक्के मेट्रोपासून बरेच लांब आहेत, तेवढं अंतर बसनं कापा. टेकडीवरच्या प्राचीन अक्रोपोलिसचं तिकीट ठरलेल्या वेळेचं असतं, तेव्हा जहाज लागायच्या वेळेनंतर निदान दोन तासांची वेळ घ्या. आणि ग्रीसमध्ये घड्याळ इटलीच्या एक तास पुढे असतं. मोबाईल आपोआप बदलतो, पण जहाज कोणत्या वेळेवर चाललंय हे उतरताना विचारून मनगटावरचं घड्याळ त्याला लावा.

सँतोरिनीत खालच्या धक्क्यावरून कड्यावरच्या गावात जायला केबल कार, नाहीतर 500 च्या वर पायऱ्या. वरच्या फिरा गावाहून ओइया गावाला साधी बस मिळते. जाणं सोपं आहे, अडचण परतीची: टूरवाले असोत की आपण, संध्याकाळी सगळी जहाजभर माणसं त्याच केबल कारपाशी येतात. पावागडच्या रोपवेची नवरात्रातली रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तासभर आधी रांगेत लागा. गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांवर भरवसा ठेवू नका.

पाचांपैकी दोन कुटुंबांनी कित्येक वर्षांत रेल्वेचा डबा पाहिलेला नाही, सगळीकडे स्वतःच्या गाडीनं जातात. त्यांना मी एवढंच म्हटलं, की एखाद्या रविवारी प्रतापनगरहून एकतानगरची (केवडियाची) मेमू पकडा, सरदार पटेलांचा पुतळा बघा, आणि परतीची गाडी सुटायच्या दीड तास आधी स्टेशनवर या. तो दीड तास बाकावर बसून काढणं जड गेलं, तर रोमची टूर आजच बुक करा.