आठ महिने डबल स्वॅगमध्ये: मरे नदीच्या काठापासून हाउक्वाच्या थंडीपर्यंत

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघांनी इथे ऑस्ट्रेलियात डबल स्वॅग घेतली, म्हणजे दोघांना झोपता येईल असा गुंडाळायचा कॅनव्हासचा बिछाना. आता जून संपत आलाय. या काळात तिच्यात तेरा रात्री झोपलो. त्यातल्या दहा लाँग वीकेंडच्या: नोव्हेंबरातला कप डे, मार्चमधला लेबर डे, ईस्टर आणि नुकताच जूनमध्ये झालेला किंग्ज बर्थडे. घेण्याआधी मी लोकांचे अनुभव भरपूर वाचले होते, पण ते सगळे पहिल्या-दुसऱ्या कँपनंतर लिहिलेले. ओला कॅनव्हास घेऊन रविवारी रात्री घरी आल्यावर काय करायचं, हे कोणीच सांगितलं नव्हतं. म्हणून आता सगळे ऋतू पाहून लिहितेय.

ज्यांनी स्वॅग पाहिली नाही त्यांनी जुना होल्डॉल आठवावा. जाड खाकी कापड, आत गादी, चादर, उशी, आणि सगळं गुंडाळून पट्ट्यांनी करकचून आवळलेलं. माझे आजोबा मनमाडला गाडीत बसायचे, बाकावर होल्डॉल उलगडायचे आणि तिथेच त्यांचं घर मांडून व्हायचं. स्वॅग म्हणजे तोच होल्डॉल, फक्त वर कॅनव्हासचं बुटकं छप्पर शिवलेला. इथे 1890 च्या दशकातल्या मंदीत आणि पुन्हा 1930 च्या दशकात कामाच्या शोधात पायी फिरणारी माणसं आपली वळकटी खांद्यावर टाकून गावोगाव जायची. ती वळकटी म्हणजे स्वॅग, आणि माणूस स्वॅगमन. आजची डबल स्वॅग मात्र खांद्यावर न्यायची गोष्ट राहिलेली नाही. आमची 17 किलो भरते आणि गुंडाळल्यावर जवळपास दीड मीटर लांब होते. आमच्या हॅचबॅकच्या डिकीत ती मावत नाही, मागची सीट पाडावी लागते. म्हणजे मागे कोणी तिसरं बसणार असेल तर गाडीच्या टपाचा विचार आधी करा.

कंपनीचं नाव देत नाही. आम्ही साडेचारशे डॉलर मोजले, आणि त्या किमतीच्या आसपास दुकानात पाहिलेल्या स्वॅगा कापड, कमानी, गादी यांत इतक्या मिळत्याजुळत्या होत्या की माझा अनुभव बहुतेकांना लागू पडावा.

आणल्या आणल्या ती थेट जंगलात नेऊ नका. आधी घरी भिजवा. कॅनव्हासमधला सुती धागा पाणी पिऊन फुगतो आणि शिवणीतली सुईची भोकं त्यामुळे बुजतात. आम्ही मागच्या अंगणात ती उभी केली, मी टॉर्च घेऊन आत शिरले आणि नवऱ्याने बाहेरून बागेच्या पाइपने पाणी मारलं. पाचेक मिनिटांत छपराच्या शिवणीवर मोहरीएवढे थेंब ओळीने उभे राहिले आणि एकेक करून उशीच्या जागेवर गळायला लागले.

"अगं, बंद करू का?"

"नको, अजून मार. डोक्याच्या बाजूला मार."

मग पूर्ण वाळू दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं तेव्हा चार-पाच थेंब आले. तिसऱ्या वेळी मी दहा मिनिटं आत पडून होते, एकही थेंब आला नाही. ईस्टरला रात्रभर पाऊस लागला तेव्हा आम्ही आत कोरडे झोपलो, ते या तीन दिवसांच्या जोरावर. एक कोपरा तेवढा ओला झाला, कारण माझी पिशवी रात्रभर कापडाला टेकून होती. ओल्या कॅनव्हासला आतून काहीही टेकू देऊ नका.

लेबर डेच्या वीकेंडला आम्ही बार्माला गेलो. मेलबर्नहून उत्तरेला साधारण तीन तास, मरे नदीच्या काठी. पलीकडच्या काठावरचं मिलेवा जंगल जोडीला धरलं तर रिव्हर रेड गम झाडांचं जगातलं सगळ्यात मोठं जंगल ते हेच. 2010 पासून ते नॅशनल पार्क आहे, आणि त्याच्या किती तरी आधीपासून, हजारो वर्षं, योर्टा योर्टा या आदिवासी लोकांची ही भूमी आहे. मरेला ते डुंगाला म्हणतात. काही जुन्या झाडांच्या बुंध्यावर होडीच्या आकाराचा लांबट व्रण दिसतो. होडी करायला तेवढी साल एकसंध सोलून काढायचे आणि झाड जगू द्यायचे. त्या व्रणाच्या कडेने साल पुन्हा जाड होऊन आत वळलेली आहे. मी त्या कडेवरून हात फिरवला आणि बराच वेळ तिथून हलले नाही. आपल्याकडे सर्दी झाली की निलगिरीचं तेल हुंगतात, त्याच कुळातलं हे झाड, पण एवढा घेर आणि एवढं वय मी कधी पाहिलं नव्हतं. आणखी एक गंमत, या भागात मरे हीच दोन राज्यांची हद्द. आपण उभे असतो तो काठ व्हिक्टोरियाचा, आणि पाणी न्यू साउथ वेल्सचं.

स्वॅग घेणाऱ्याने शिकायची पहिली गोष्ट आम्हाला इथे कळली. नवऱ्याने एक सुंदर सावलीची जागा धरली, बरोबर एका थोरल्या रेड गमखाली. शेजारी उतरलेले एक वयस्कर गृहस्थ चालत आले, वर फांदीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, इथून हलवा. उन्हाळ्यात ही झाडं वारा नसतानाही हिरवीगार फांदी टाकतात, पूर्वसूचना न देता. आम्ही स्वॅग उघड्यावर नेली. रात्री पावणेदोनला पलीकडच्या काठावर बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि पाठोपाठ काहीतरी जड पाण्यात पडलं. दोघंही उठून बसलो. छपराची उंची जेमतेम कंबरेच्या वर, त्यामुळे नीट बसताही येत नाही, डोकं कापडाला लागतं. त्यानंतर आम्ही जागा निवडताना आधी वर बघतो, मग खाली. सावली मिळाली नाही तर सकाळी ऊन चढताच स्वॅग तापते आणि झोप मोडते. मला ते चालतं.

त्या शनिवारी टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी, जाहीर झाला होता. तो राज्याची कंट्री फायर अथॉरिटी ही अग्निशमन संस्था जाहीर करते आणि त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत लागू असतो. निघण्याआधी आपत्तीच्या सूचना देणारं विकइमर्जन्सी ॲप पाहायची सवय आम्हाला आहे, म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही एस्कीत, म्हणजे बर्फाच्या पेटीत, भरूनच निघालो होतो. स्टोव्ह बाहेर काढलाच नाही. इथल्या वणव्यांनी काय होतं हे ज्यांनी बातम्यांत पाहिलंय, त्यांना एक दिवस गार जेवायला जड जाऊ नये.

आणि मग ती रात्र. स्वॅगचं छप्पर पूर्ण मागे टाकता येतं, वर फक्त जाळी उरते. डास आत येत नाहीत आणि आकाश तेवढं राहतं. मरेच्या काठी ही जाळी चैन म्हणून नव्हे, गरज म्हणून हवी. डासांमुळे इथे रॉस रिव्हर विषाणूचा ताप येतो, आणि 2022 मध्ये तर जपानी मेंदूज्वराचेही रुग्ण या पट्ट्यात सापडले होते. जाळीतून वर पाहिलं तर मृग उत्तरेला, पण उलटा, डोकं खाली आणि पाय वर. अगस्ती, जो आपल्याकडे दक्षिणेला क्षितिजाजवळ शोधावा लागतो, इथे जवळपास डोक्यावर. आणि आग्नेयेला त्रिशंकू वर चढत होता. त्याच्या शेजारी एक काळा डाग दिसतो. इथल्या आदिवासी लोकांना त्यात एमू पक्ष्याचं डोकं दिसतं, आणि आकाशगंगेतला पुढचा काळोख म्हणजे त्याची मान आणि अंग. एकदा दिसला की पुन्हा न दिसणं शक्य नाही. नवऱ्याला तो माझ्या आधी दिसला. मग तो माझं बोट धरून मान कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं ते दाखवत राहिला.

पहाटे पुन्हा त्याचाच आवाज. "ऐकतेस का? कोणीतरी गवत खातंय." कान जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्यामुळे दात गवत तोडताना होणारा कर्र कर्र आवाज अगदी उशीजवळ येत होता. कांगारू होते, तीन. आमच्या आधीच्या चार माणसांच्या नायलॉन तंबूत कापड फडफडायचं आणि बाहेरचं काहीच कळायचं नाही. स्वॅगमध्ये आपण त्या जागेच्या आत झोपतो. हे एक कारण पुरेसं आहे मला ती आवडायला.

जमिनीलगत झोपायचं तर शिस्त मात्र हवी. चेन कायम बंद, पाच मिनिटांसाठी बाहेर जायचं असलं तरी. बूट आत घ्यायचे. सकाळी गुंडाळताना आपल्यापासून लांबची कड आधी उचलायची. ईस्टरला खाली वीतभर गोम निघाली. ती गोमच होती हे आमचं नशीब. सापासाठी प्रेशर बँडेजचे दोन रोल स्वॅगच्या खिशातच ठेवलेत, गाडीत नाही. चावा धुवायचा नाही, हात किंवा पाय पूर्ण आवळून बांधायचा, काठी बांधून हलू द्यायचा नाही आणि 000 या आणीबाणीच्या नंबरला फोन. दोघांनाही हे झोपेतसुद्धा करता यायला हवं, म्हणून आम्ही घरी एकमेकांवर सराव केला.

आता थंडीबद्दल, कारण खरी परीक्षा तिथे झाली. किंग्ज बर्थडेला मॅन्सफील्डच्या पुढे हाउक्वा नदीकाठी, शीपयार्ड फ्लॅटला गेलो. आदल्या काही दिवसांत पाऊस झाला होता, शेवटचा रस्ता कच्चा आणि उताराचा, गाडी जपून न्यावी लागली. इथे शेकोटी करता आली. असलेल्या दगडी आगटीतच करायची, भोवती तीन मीटर पाला-काटक्या साफ, पाण्याचा कॅन हाताशी, आणि निघताना माती नाही, पाणी ओतायचं. राखेला हात लावून गार लागली तरच उठायचं. निखाऱ्यांवर दोन वांगी भाजली, चाकूने कांदा चिरला, वर कच्चं तेल घातलं. गाडीचा काटा उणे 2 दाखवत होता आणि भरिताची वाफ टॉर्चच्या उजेडात दिसत होती. त्याच शेकोटीची एक ठिणगी स्वॅगवर जाऊन तांदळाएवढं भोक पडलं. अंतर मी कमी धरलं होतं आणि वारा त्या बाजूला होता. ठिगळ लावलंय.

गादी सात सेंटीमीटर फोमची. कुशीवर झोपलं की माझं कंबरेचं हाड जमिनीला लागतं, नवऱ्याला लागत नाही. अंगावर आम्ही आईने शिवलेली गोधडी आणि वर उघडून पसरलेल्या दोन स्लीपिंग बॅगा घेतो. ऊब पुरली. पण थंडीच्या भीतीने सगळ्या झडपा बंद करून झोपलो, ही चूक झाली. दोघांच्या श्वासाची वाफ कॅनव्हासला आतून धरली आणि पहाटे चेहऱ्यावर थेंब पडायला लागले. दुसऱ्या रात्री डोक्याकडची आणि पायाकडची झडप चार बोटं उघडी ठेवली, टोप्या घातल्या, आणि थेंब पडले नाहीत. थंडी कितीही असो, निखाऱ्यांची शेगडी किंवा गॅस हीटर आत घेऊ नका. बंद स्वॅगमध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा विचाराल तर वाळवण्याचा. वर दव, आत वाफ, आणि गादीच्या खालच्या अंगाला ओल. शरीराच्या उबेतली वाफ फोममधून खाली जाते आणि तळाच्या गार पीव्हीसीवर पाणी होते. कप डेनंतर आम्हाला हे माहीत नव्हतं. वरून हात लावला, कोरडी वाटली, गुंडाळून गॅरेजात ठेवली. दोन आठवड्यांनी उघडली तर गादीच्या खाली काळ्या बुरशीचे ठिपके. पाणी आणि मऊ ब्रशने घासले, फिके झाले, गेले नाहीत. साबण आणि ब्लीच लावायचं नाही, त्याने कापडाचा पाणी अडवण्याचा गुण जातो. आता कँपवर रोज सकाळी गादी उभी करतो, आणि घरी आल्यावर आंघोळीच्याही आधी स्वॅग उघडतो. हाउक्वाहून आल्यावर मेलबर्नच्या जूनमध्ये ती गॅरेजात पंखा लावून वाळायला तीन दिवस लागले. तोवर गाडी बाहेर.

बाकी तक्रारी लहान. पायाकडची चेन धुळीने अडकते, जुना टूथब्रश आणि मेणबत्तीचं मेण फिरवलं की सुटते. सोबत आलेल्या खुंट्या कुचकामी, बार्माच्या कडक चिकणमातीत दोन वाकल्या, लोखंडी जाड खुंट्या वेगळ्या घ्या. पोत्यासारखी पिशवी इतकी घट्ट की स्वॅग तिच्यात कोंबायला दोघं लागतात.

आम्ही ती ठेवणार आहोत. पण गॅरेज, अंगण किंवा मोठी बाल्कनी यांपैकी काहीच नसेल, तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन, त्यांना हलका तंबूच सोयीचा. पाठीचा त्रास असेल, गुडघे दुखत असतील तरी नको, कारण रात्री उठताना रांगत बाहेर यावं लागतं. आणि घेण्याआधी एकदा कोणाची तरी उसनी आणून झोपून पाहा. आमच्या ओळखीतल्या दोन जोडप्यांनी आमचीच नेली होती. एका जोडप्याने परत देताना ती अंगणात दोन दिवस उन्हात ठेवून, गादीच्या खालच्या बाजूला हात लावून बघून मगच आणून दिली, आणि त्यानंतर महिन्याभरात त्यांनी स्वतःची घेतली.