जुन्या सागवानावर काय चढवायचं: लाख, जवसाचं तेल, पीयू की मेलामाइन?

कोल्हापुरात पॉलिशवाल्या मिस्त्रींना घरी बोलावलं की कपाटाचं दार उघडून बघायच्या आधीच ते विचारतात, "मेलामाइन मारायचं का पीयू?" (दोन्ही कारखान्यात बनलेली कडक पॉलिशं; पीयू म्हणजे पॉलियुरेथेन.) त्यांच्याकडे कॉम्प्रेसर आहे, स्प्रे गन आहे, हात बसलेला आहे. त्यांच्या जागी तो प्रश्न बरोबर. पण रविवारी सोप्यात वर्तमानपत्र पसरून आजोबांची खुर्ची स्वतः नीट करायला बसणाऱ्यानं आधी एवढंच बघावं: हात चुकला तर ते परत काढता येतंय का? पैसे, चकाकी, टिकाऊपणा सगळं त्याच्या मागून. चारही प्रकार मी याच कसोटीला लावणार आहे, आणि आधीच सांगतो, माझा कल लाखेकडे आहे.

खरेदीला निघायच्या आधी सध्या लाकडावर काय आहे ते ओळखा. खुर्ची उलटी करा, बैठकीखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटमध्ये (लाख विरघळवायचं पॉलिशवाल्यांचं अल्कोहोल) बुडवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. कापूस तांबूस झाला आणि बोटाला चिकट लागलं, तर ती लाख. काहीच झालं नाही तर तीच परीक्षा थिनरनं करा. मऊ पडलं तर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये विरघळणारं पॉलिश. थिनरलाही दाद दिली नाही तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू. या पाच मिनिटांच्या कामावर पुढची सगळी मेहनत ठरते, कारण जुन्या खुर्च्या, चौरंग, देव्हारे यांच्यावर बऱ्याचदा लाखच निघते. लाख निघाली तर घासून लाकूड उघडं करायची गरजच नाही. मळ पुसायचा, 320 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलका हात फिरवायचा, वर नवी लाख द्यायची. स्पिरिटमुळे जुना थर थोडा विरघळतो आणि नवा त्यात मिसळून जातो. इतक्या वर्षांत लाकडाला आलेला मधासारखा रंगही जागच्या जागी राहतो.

लाखेची ताकद इथेच आहे. लाखेच्या किड्यानं फांदीवर सोडलेला राळेसारखा पदार्थ शुद्ध करून त्याचे पातळ पापुद्रे करतात, ती चपडा लाख. लिटरभर स्पिरिटला दीडशे ग्रॅमच्या आसपास लाख टाकायची, झाकण लावून रात्रभर ठेवायची, मधूनमधून हलवायची आणि सुती फडक्यातून गाळून घ्यायची. बरणी काचेची किंवा प्लास्टिकची घ्या. लोखंडी डब्यात लाख काळपट पडते. एका खुर्चीला एवढं मिश्रण पुरून उरतं. उरलेलं मात्र वर्षानुवर्षं ठेवू नका. सहा महिन्यांनंतर वापरायचं झालं तर काचेवर एक थेंब टाकून बघा, तासा-दोन तासांनीही चिकट राहिला तर ओतून द्या.

लावायला ब्रश चालतो, पण बोळ्याची मजा वेगळी. मूठभर कापूस, त्यावर जुन्या धोतराचं धुवून मऊ झालेलं फडकं, त्याची घट्ट पुरचुंडी. कापसात लाख मुरवायची, कागदावर दाबून जादाची काढायची आणि लाकडाच्या रेषेनं एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत जायचं. बोळा मध्येच थांबवायचा नाही. क्षणभर टेकून राहिला तरी खालचा ओला थर उचलला जातो आणि फडक्याची जाळी लाकडावर उमटते. उमटली तर? वाळू द्या, पेपर मारा, पुन्हा लावा. पीयूवर अशी चूक झाली की तो थर पुरता कडक व्हायची वाट बघून घासत बसावं लागतं.

लाखेचा कच्चा भाग म्हणजे गरम आणि ओलं. मोडीत काढलेल्या कपाटाची एक सागवानी फळी मी टेप लावून तीन भागांत वाटली: लाख, जवसाचं तेल आणि ब्रशनं लावायचं पीयू. तिन्हींवर गरम चहाचा ग्लास टेकवला आणि तांबड्या रश्श्याचा एकेक थेंब रात्रभर राहू दिला. कोल्हापुरात यापेक्षा खरी परीक्षा दुसरी नाही. लाखेवर ग्लासाचं पांढरं कडं उठलं आणि रश्श्याखाली थर धुरकटला. तेलाच्या भागात कटाची लालसर छटा आत मुरली, साबणानं काही गेली नाही. पीयूवरचा थेंब ओल्या फडक्यानं पुसला गेला, खाली काहीही नाही. लाखेवरचं कडं पुढे स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा फिरवून घालवलं. तेलाची छटा अजून आहे.

जवसाचं तेल नवशिक्यांना सगळ्यात आवडतं, कारण लावायला अक्कल लागत नाही: चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी जादाचं पुसून काढा. सागवानाची, शिसवाची रेष इतकी सुंदर उघडते की हरखून जायला होतं. पण किराणा दुकानातलं कच्चं तेल वाळायला दिवस काय, आठवडे घेतं; रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवस तेल मागा, त्यात लवकर वाळायची द्रव्यं घातलेली असतात. आणि कृपा करून शेंगतेल, खोबरेल चोळू नका. ती तेलं जवसासारखी वाळून कडक होत नाहीत, नुसती चिकट राहून धूळ धरतात आणि पुढे खवट वास मारतात.

तेलाचा खरा धोका चिंध्यांचा. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. तेलकट फडकी चुरगाळून डब्यात कोंबली की ती उष्णता आतच साठते आणि काडी न लावता चिंध्या पेटतात. म्हणून काम झालं की फडकी एकेक करून बाहेर दोरीवर पसरा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. स्पिरिटचा धोका समोर दिसणारा आहे: देवघरात दिवा लावलेला असताना शेजारी लाख घेऊन बसू नये, आणि बाटलीवर ठळक नाव लिहून ती पोरांच्या हाताबाहेर ठेवावी. त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं.

पीयूचे दोन प्रकार आहेत. एका डब्यातलं, ब्रशनं लावायचं पीयू घरी जमतं. जाड थर देऊ नका, ओघळ येतात. दोन थरांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळा आणि हलका पेपर मारा. हात लावला की वाळलेलं वाटतं, पण पुरतं कडक व्हायला आठवडा तरी जातो, तोवर वर टेबलक्लॉथ घालू नका. हार्डनर मिसळून स्प्रेनं मारायचं पीयू घरात नको. त्यातले आयसोसायनेट श्वासातून गेले की दमा होऊ शकतो, आणि कापडी मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. साध्या लाखेत मेण असतं, त्यामुळे तिच्यावर पीयू नीट धरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

मेलामाइनबद्दल फार लिहीत नाही. आम्लाच्या हार्डनरनं ते कडक होतं, फॉर्मल्डिहाइडचा उग्र वास सोडतं आणि एकदा बसलं की स्पिरिटला काय, थिनरलाही हलत नाही. नव्या विनियरच्या (प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) कपाटांना मिस्त्रींच्या हातून छान दिसतं. घरी पहिल्यांदा करणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

मग काय कशाला? देव्हारा, आरामखुर्ची, लाकडी पेटी, भिंतीवरचं घड्याळ: लाख, दुसरा विचार नको. जेवणाचं टेबल, अभ्यासाचं टेबल, पाण्याची घागर ठेवायचं स्टूल: पीयू. झोपाळ्याच्या फळीला मी तेल देईन, कारण वर्षाला एक हात फिरवला की ती परत ताजी होते. पाटावर माणूस बसतो, पण शेजारी ताट सांडतं, म्हणून त्यालाही पीयूच.

काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान काढा. आपल्याकडच्या पावसात हवा इतकी दमट असते की लाख वाळता वाळता दुधाळ होते आणि तेल वाळायचं नावच घेत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्कात पाण्यात उभं राहिलेलं फर्निचर अजून माळ्यावर पडलं असेल तर प्लायवूडच्या नादाला लागू नका. थर सुटलेलं प्लाय परत जुळत नाही. सागवानाची गोष्ट वेगळी. जुने सांधे बऱ्याचदा सरसानं (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा डिंक) जोडलेले असतात, सरस पाण्यानं मऊ पडतो, म्हणून खुर्ची खिळखिळी होते. लाकूड मात्र शाबूत असतं. सांधा सोडवा, जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्यानं मऊ करून खरवडून काढा, वाळू द्या आणि मगच फेविकॉल लावून दोरीनं आवळा. सरसावर फेविकॉल धरत नाही. खिळे मारू नका, लाकूड फाटतं.

दोन बाबतींत मात्र सरळ मिस्त्रींना बोलवा. एक, कडेनं बघितल्यावर वर कागदाइतका पातळ विनियर दिसला तर; मशिननं घासायला जाल तर दोन मिनिटांत खालचं प्लाय वर येईल. दुसरं, लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर पॉलिशच्या आधी किडीचा बंदोबस्त. बोलावलंत की आधीच सांगा, "शेड चढवू नका." नाहीतर संध्याकाळपर्यंत तुमचं सागवान अक्रोडी रंगाचं झालेलं असेल.

वरून ऑइलपेंट मारलेलं जुनं सामान असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते किती आहे हे बघून कळत नाही. वॉटरपेपर पाण्यात बुडवून घासा, पोरांना लांब ठेवा आणि निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाका, मोरीत ओतू नका.